शिजलेलं चालत नाही

मार्च लागला की माझ्या दुकानात येणारे फोन पिवळे पडतात. वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि हळदीच्या हंगामात निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच असते: चार्जिंग होत नाही. मी टाचणी घेतो, मऊ ब्रश घेतो आणि चार्जिंगच्या भोकातून हळदीची भुकटी उकरून काढतो. फोन पुन्हा सुरू होतो. दुसरी तक्रार अंगठ्याची. हळकुंडं हाताळून हाताळून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे त्यांचाच फोन त्यांना ओळखत नाही. मग मी अंगठ्याचं कुलूप काढून आकड्यांचं लावून देतो. संध्याकाळपर्यंत माझीही नखं पिवळी झालेली असतात.

यंदाही तो वास आला. गावाबाहेरच्या शेतांत हळद शिजवायचे कुकर पेटलेत आणि वाऱ्याची दिशा बदलली की ती वाफ थेट दुकानात शिरते. ओली माती, ठेचलेली मुळं आणि कुठंतरी मागं कापूर, असा तो वास. ज्याला तो आवडत नाही तो आमच्या भागातला नव्हेच. मलाही आवडायचा. गेल्या वर्षीपासून मात्र हा वास आला की माझं डोकं तापतं. त्यातच फोननं टिंग केलं आणि पडद्यावर ‘आज तुमच्या जवळ जास्तीचं अन्न आहे’ अशी अक्षरं उमटली, तर समोरच्या गिऱ्हाइकाचं काही खरं नसतं. काल एकजण घाबरून म्हणाला, “शेठ, मी काय केलं?” त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं. तो फक्त कव्हर बदलायला आला होता.

ते ॲप आमच्याच गावच्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरनं बनवलं. घरात अन्न उरलं की फोटो काढायचा आणि टाकायचा. आसपास ज्याला हवं असेल त्यानं ‘मी घेतो’वर बोट ठेवायचं आणि येऊन घेऊन जायचं. खाऊन झालं की तारे द्यायचे, दोन शब्द लिहायचे. सगळं फुकट. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर ते आमच्या गल्लीत आलं आणि पंधरा दिवसांत घरोघरच्या फोनमध्ये जाऊन बसलं. निम्म्या फोनमध्ये ते मीच घालून दिलं, तेही कौतुकानं, गिऱ्हाइकाला चहा पाजून.

मला वाटलं, आमचा वानवळाच परत आला.

माझं मूळ गाव हट्टा. कालव्याचं पाणी आमच्या शिवाराला असायचं, त्यामुळे आमची थोडी हळद असायची. तेव्हा कुकर नव्हते. शेतातच चुलवणावर भली मोठी लोखंडी कढई चढायची, तिच्यावर हळदीच्याच पाल्याचं झाकण आणि त्यातून निघणारी वाफ. आम्ही पोरं चुलवणाच्या राखेत रताळी पुरायचो आणि ती काढताना बोटं भाजून घ्यायचो. रानातून घरात नवीन काही आलं की त्यातलं थोडं आधी शेजारी जायचं. वाटाण्याच्या शेंगा, हरभऱ्याचा टहाळ, पहिला गूळ. घरात काही विशेष शिजलं तरी तेच. ताटलीवर ताटली झाकून आई आम्हाला पिटाळायची आणि परत येताना त्या ताटलीत दुसऱ्या घरचं काहीतरी असायचं. कोण गरीब, कोण श्रीमंत हा प्रश्नच त्यात नव्हता. तुमच्या घरची आमटी कशी लागते हे आम्हाला माहीत असायचं, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या वर्षी हे सगळं मी दुकानात येईल त्याला रंगवून सांगत होतो. सांगताना एक गोष्ट मात्र गाळत होतो. मुद्दाम नाही, पण गाळत होतो हे खरं.

हळद काढायला दरवर्षी तांड्यावरची एक बाई यायची, धुरपदाबाई. कामाला वाघीण. येताना कधी ओंजळभर बोरं आणायची, कधी रानातली भाजी. आई ती भाजी हसत घ्यायची, निवडताना तिचं कौतुक करायची. एकदा होळीच्या दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं पितळेच्या वाटीत गुळाची लापशी आणली. वरून तूप सोडलेलं, अजून कोमट. “लेकरायला द्या बाई,” म्हणाली. आईनं ती वाटीसुद्धा हसतच घेतली. धुरपदाबाई वळणावर दिसेनाशी झाली आणि आईनं ती लापशी गाईपुढं ओतली. मी सात-आठ वर्षांचा असेन. लापशी गेली म्हणून मी रडकुंडीला आलो.

“काहून टाकली?” मी विचारलं.

“तिच्या हातचं कच्चं चालतं. शिजलेलं चालत न्हाई,” आई म्हणाली. मग तिनं वाटी घासली, तिच्यात मूठभर शेंगदाणे घातले आणि दुसऱ्या दिवशी मानानं परत केली.

माझी आई दुष्ट नव्हती. त्याच धुरपदाबाईचं पोरगं तापानं फणफणलं तेव्हा आई गाडी जुंपायला लावून त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती आणि दोन दिवस तिथंच बसली होती. म्हणूनच मला आज जास्त राग येतो. वाईट माणसांनी वाईट वागावं, त्यात नवल काय? इतक्या मायाळू बाईनं ती वाटी इतक्या शांतपणे ओतली, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या वेळी मात्र उतरलं. घरात जसे बाकीचे नियम होते तसाच हाही एक, असं समजून मी खेळायला पळालो.

तर, ॲप. सुरुवातीचे दिवस मजेचे होते. आपल्या लोकांना द्यायची भारी हौस. घ्यायचं म्हटलं की चेहरे बघण्यासारखे होतात. पहिले आठ दिवस सगळे नुसते टाकत होते. शेपूची भाजी, वाढदिवसाचा केक, सत्यनारायणाचा प्रसाद, पाहुणे न आल्यामुळे उरलेला मसालेभात. घेणारा कुणी नाही. ‘आपण घेतलं तर लोक काय म्हणतील, यांच्या घरी चूल पेटत नाही की काय?’ मग आमच्या गल्लीतल्या निर्मलाकाकूंनी धीर करून कुणाचीतरी कढी घेतली, पाच तारे दिले आणि ‘अप्रतिम’ असं लिहिलं. निर्मलाकाकू म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस, हळदीकुंकू असो की तंटा, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांनी घेतलं म्हटल्यावर सगळ्यांची भीड चेपली आणि डबे फिरायला लागले.

मी दुकानात बसून लोकांचे अंगठे बघत असतो, तो माझा धंदाच आहे. फोनवर जेवणाचा फोटो आला की अंगठा लगेच ‘मी घेतो’कडे जात नसे. तो आधी वर जायचा, नावाकडे. फोटोत काय आहे, भाकरी आहे की भात, हे नंतर. “कुणाचंय?” हा पहिला प्रश्न. आपल्याकडे आडनाव वाचलं की पुढचं काही वाचावं लागत नाही. गाव, गल्ली, देव, सोयरीक, सगळं त्या तीन-चार अक्षरांत येतं. नाव पसंत पडलं तर कालची कढीसुद्धा चालायची. नाव पसंत पडलं नाही तर एकदम स्वच्छतेचे प्रश्न सुरू. कधी केलंय? तेल कुठलं? पाणी फिल्टरचं का? हे प्रश्न निर्मलाकाकूंच्या वांग्याच्या भाजीला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी बघत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. राग तेव्हा आलाच नाही. स्वतःच्या घराबाहेरचं असलं की माणसाला गंमत वाटते.

आणि मग संगीता आली.

संगीता राठोड. वय असेल चाळीसच्या आसपास. हळदीच्या कारखान्यात हळकुंडं निवडायचं काम. सिद्धेश्वर धरणाकडच्या एका तांड्यावर तिचं सासर, नवरा आणि दीर तिथंच शेती बघतात. मुलगी पूजा बारावीला होती, तिला इथलं कॉलेज मिळालं म्हणून मायलेकी आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहत होत्या. दुपारच्या सुट्टीत ती दुकानाच्या पायऱ्या चढून आली. केसांवर, भुवयांवर हळदीची धूळ. फोन पदराला पुसून माझ्यापुढं ठेवला.

“दादा, जरा बघा बरं. बिघडलाय.”

“काय होतंय?”

“आवं, मी रोज टाकून राहिले ना त्या ॲपमधी, पर कुनीच घेऊन न्हाई राहिलं. परवा पिठलं टाकलं, काल वरणफळं टाकली. लोकायचं तं चट्दिशी जातं. माझं इथून निघतच नसंल.”

मी विचारलं, इतकं उरतं कसं? ती हसली. “उरत न्हाई दादा, होतं. आमी घरात सातजन. अठरा वर्सं सातजनाचंच केलं. आता दोघीच, पन हाताला काय सांगू? आन् तिकडं उरलं का वाटी शेजारी जायची. इथं वाटी घेऊन कुनाच्या दारी उभं ऱ्हावं तर आतून इचारतात, काय पाहिजे? मी काय मागाया आलते का?” तिनं भुवयांवरची धूळ झटकली. “म्हून म्हणलं, फोनमधून बरं. गल्लीतल्या एका घरानं जरी माझ्या हातचं खाल्लं ना, तर मला वाटंल की मी या गल्लीची हाव.”

मी फोन उघडला. फोन ठणठणीत होता. तिचे सगळे फोटो ॲपवर नीट चढलेले होते, एकूण अकरा. प्रत्येकाखाली एक बारीक डोळ्याचं चित्र असतं, किती जणांनी पाहिलं ते सांगणारं. पिठल्याखाली त्रेचाळीस. वरणफळांखाली एक्कावन्न. एक्कावन्न माणसांनी ती वरणफळं बघितली होती, वरून तुपाची धार, कोथिंबीर भुरभुरलेली. मग त्यांचे अंगठे वर गेले, नावाकडे, आणि तिथून पुढं सरकले.

“ह्यो डोळा कसला हाय?” तिनं वाकून विचारलं. “आकडा तं वाढून राहिला त्याच्यातला.”

आता सांगायला पाहिजे होतं. एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण तिच्या डोळ्यांत नुसती फोनची काळजी होती, माणसांची नव्हती. मी म्हणालो, “तो? तो बॅटरीचा.”

मग मी दुरुस्ती केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. ‘संगीता राठोड’ होतं तिथं ‘संगीताताई’ केलं. तिचा फोटो होता, कपाळावर मोठी टिकली, पदर डोक्यावर. तो काढून जास्वंदीचं फूल लावलं. डबा कुठून न्यायचा या जागी तिच्या खोलीऐवजी माझ्या दुकानाचा पत्ता घातला. “कामावर जाताना डबा इथं ठेवत जा, लोक इथून नेतील,” असं सांगितलं. मी स्वतःवर खूश होतो. काय डोकं चालवलं, असं वाटत होतं.

“काय झालतं?” तिनं विचारलं.

“सेटिंग बिघडलं होतं.”

“तरी म्हणलं,” ती म्हणाली आणि तिचा सगळा चेहरा मोकळा झाला. “लोक तं चांगले हाईत.”

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वरणफळंच टाकली. चार मिनिटांत गेली. कुणी घेतली? निर्मलाकाकूंनी. संध्याकाळी पाच तारे आणि खाली लिहिलेलं, ‘अगदी माहेरची चव!’

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस. बाहेर हळद वाळत होती, पडीक जागा, शाळेमागचं मैदान, जिकडं बघावं तिकडं पिवळा थर. आणि माझ्या काउंटरवर रोज सकाळी एक स्टीलचा डबा. कधी भरलं वांगं आणि भाकरी, कधी वाळवलेल्या हरभऱ्याची भाजी, कधी मेथीचे धपाटे. डबा न्यायला कोण कोण येत होतं! एरवी बाहेरचं पाणी न पिणारे, तीर्थाला गेले तरी घरचं पीठ सोबत नेणारे लोक माझ्या पायऱ्यांवर उभे राहून झाकण किलकिलं करून वास घेत होते. एका गृहस्थानं तर उभ्या उभ्या धपाटा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मला आत गुदगुल्या होत होत्या. खा, लेकहो, खा, असं मी मनात म्हणत होतो. त्यांची फजिती फक्त मला माहीत होती आणि त्या मजेत मी बुडालो होतो. ही मजा कुणाच्या जिवावर चाललीय, याचा विचार करायला वेळ कुणाला होता?

संगीता मात्र माझ्यासारखी मजा बघत नव्हती. ती खरोखर त्या लोकांसाठी रांधत होती. पूजा तिला रोज संध्याकाळी कोण काय म्हणालं ते वाचून दाखवायची आणि ती ते लक्षात ठेवायची. कुणाला लसूण चालत नाही, कुणाचं लेकरू लहान आहे, कुणाच्या घरी मधुमेह. “निर्मलाकाकूला तिखट सोसत न्हाई वाटतं,” मला म्हणाली. “त्यांनी लिवलं न्हाई, पर त्या दिवशी ठेच्याचं काहीच बोलल्या न्हाईत. आता कमी टाकते.” एकदा गल्लीत काकू समोरून येताना दिसल्या तेव्हा ती ओळखीचं हसली. काकू रस्त्याकडे बघत निघून गेल्या. संगीताला त्याचंही काही वाटलं नाही. डबा माझाच हे काकूंना तोंडावरून कसं कळणार, म्हणाली, एक दिवस सांगीन.

तो दिवस पूजानं आणला, आणि तोही किती मायेनं! तिची परीक्षा सुरू झाली होती. पेपरला जाताना ती डबा ठेवायला आली, नेमक्या त्याच वेळी निर्मलाकाकू रिचार्ज करायला आल्या होत्या. पूजानं डबा काउंटरवर ठेवला आणि काकूंकडे वळून म्हणाली, “काकू, आईनं सांगितलंय, आज खास तुमच्यासाठी तिखट कमी टाकलंय.”

काकूंनी डबा आधीच उचलला होता. तो त्यांच्या हातात तसाच राहिला. “तुझी आई? म्हणजे ती टोकाच्या खोलीतली...?”

“व्हय. संगीताताई म्हणजे माझी आईच.”

काकूंनी डबा खाली ठेवला. आवाज न करता, अगदी सावकाश. “अगं, आज माझा उपास आहे,” म्हणाल्या. पूजा “बरं काकू” म्हणून पेपरला गेली. ती वळल्याबरोबर काकू माझ्याकडे फिरल्या.

“तुम्ही तरी सांगायचं ना हो!”

“काय सांगायचं होतं, काकू?”

“आता तेही मीच बोलू का?” त्यांनी पदराला हात पुसले. हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ‘माहेरची चव’ पुसली गेली. पाठोपाठ बाकीच्यांनीही आपापली कौतुकं काढून घेतली. त्यांच्या जागी नवं लिखाण आलं. ‘नाव लपवून अन्न देणं ही फसवणूक आहे.’ ‘स्वच्छतेची खात्री नाही.’ उभ्या उभ्या धपाटा खाणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, ‘खाल्ल्यावर पोट बिघडलं होतं, तेव्हा बोललो नाही.’ बोलणार कसे? तोंडात घास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपवाल्यांनी संगीताचं खातं बंद केलं. कारण दिलं: ओळख अपूर्ण.

मी इतका संतापलो की हातातला स्क्रू ड्रायव्हर फेकला, तो कुणाच्यातरी नव्या कोऱ्या काचेवर जाऊन पडला. अरे, तुमच्या डब्यातली हळद कुणी शिजवली? कुकरच्या वाफेत हात घालून ती कुणी उपसली, उन्हात कुणी पसरली, रोज कुणी हलवली, कारखान्यात बसून एकेक हळकुंड कुणी निवडलं? तीही शिजलेलीच असते ना? तीच हळद तुम्ही देवाला वाहता, नवरीच्या गालाला लावता, दुधात घालून लेकरांना पाजता. तेव्हा नाही विचारावंसं वाटत, कुणाच्या हातचं? पोत्यावर आडनाव छापत नाहीत म्हणून? मग संगीताचं आडनाव मी काढलं तेव्हा मी तरी वेगळं काय केलं? तिलाही पोत्यात भरलं. पण हे शेवटचं त्या दिवशी मला सुचलं नाही. त्या दिवशी मी फक्त गल्लीवर चिडलो होतो. आणि गल्लीवर चिडायला फार बरं वाटतं.

घरी फोन लावून बायकोपुढं तणतणलो. आईची लापशीची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली. ॲपवाल्यांना चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं, माणुसकी, समता, संतांची भूमी, सगळं घालून. गल्लीच्या ग्रुपवर टाकण्यासाठीही एक खरमरीत मजकूर तयार केला. तो मी तीनदा वाचला आणि मला तो फार छान वाटला.

त्याच दिवशी दुपारी संगीता आली. आदल्या संध्याकाळी पूजानं अभ्यासाच्या गडबडीत ॲप उघडलं नव्हतं, म्हणून सकाळी ती पेपरला जाताना नेहमीसारखा डबा ठेवून गेली होती. तो काउंटरवर तसाच होता. संगीता कारखान्यातून थेट आलेली, हातही धुतले नव्हते. पायरीवरच उभी राहिली.

“दादा, माझं आडनाव कुनी काढलं?”

मी म्हणालो, “बस आधी. पाणी घे.”

“पानी नको. पेपर सुटल्यावर पूजानं सगळं वाचून दाखवलं मला. फसवलं म्हणून राहिले लोक. मी कवा कुनाला फसवलं?”

“तुला तकलीफ नको म्हणून मी...”

“फोन बिघडला न्हवता तर तसं सांगायचं होतं. मी काय लहान लेकरू हाव? तो डोळा बॅटरीचा न्हवता, हे पूजाला ठाव होतं दादा. ती बी बोलली न्हाई. तुमी बी बोलला न्हाईत. मी एकलीच येडी, लोक चांगले हाईत म्हणत बसले.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “आडनाव लावून कुनी खाल्लं नसतं तर मला कळलं असतं, का बाबा न्हाई खात. गप बसले असते. आता खाऊन थुकलं लोकायनी.”

मी त्या लोकांना शिव्या घालायला लागलो. निर्मलाकाकूंना, त्या धपाट्यावाल्याला, ॲपवाल्यांना. लिहिलेला मजकूर तिला वाचून दाखवायला फोन हातात घेतला. तिनं तो वाचू दिला नाही.

“ते ऱ्हाऊ द्या. एक सांगा. वीस-बावीस दिवस माझा डबा इथं तुमच्या म्होरं ऱ्हायचा. तुमाला तं माझं नाव-गाव सगळं ठाव होतं.” तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमी खाल्लं का एकदा तरी?”

दुपारचे अडीच वाजून गेले होते. घरून आलेला माझा डबा खाली ड्रॉवरमध्ये होता, रोज असायचा तसा. मी आठवायला लागलो. पहिल्या दिवशी वाटलं होतं, हे लोकांसाठी आहे, आपण कशाला हात लावा. पुढं वाटलं, घरचा डबा परत गेला तर बायकोला वाईट वाटेल. एकदा ॲसिडिटी होती. रोज काहीतरी होतं आणि रोजचं ते खरं होतं. गल्लीत ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे पोटभर जेवले. माहीत असलेला एकटा मी होतो.

खूप उशीर झाला होता, तरी मी हात पुढं केला. “दे,” म्हणालो. “आत्ता खातो. तुझ्यासमोर खातो.”

“आता न्हाई,” संगीता म्हणाली. “आता तुमी भुकंनं न्हाई खानार, लाजंनं खाचाल. तसं मी कुनाला वाढत न्हाई.”

तिनं डबा उचलला आणि पायऱ्या उतरून कारखान्याच्या रस्त्याला लागली. त्यात त्या दिवशी काय होतं, हे मला आजही माहीत नाही.